अडल्या वेळी

सोलापुरात ज्याच्याकडे स्वतःचे माग, शहराबाहेर थोडी जागा आणि घरात बऱ्यापैकी सोने असते, त्याला लोक सुखवस्तू समजतात. माझे मामा असेच सुखवस्तू होते. काही वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, तातडीने बायपास करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले आणि त्या आठवड्यात या संपत्तीतले किती खरे होते ते आम्हा सर्वांना कळले.

सर्वांत आधी जागेने पाठ फिरवली. ती दोन गुंठे जमीन त्यांनी सामायिक सातबाऱ्यातून नोटरीच्या कागदावर घेतली होती. शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून विकण्यास मनाई करणाऱ्या 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे तिचे खरेदीखत नोंदवता येत नव्हते आणि खरेदीखत नसल्यामुळे तिच्यावर बँक कर्जही देईना. गिऱ्हाईक एकच आले. गरजवंताला अक्कल नसते हे त्याला पुरते ठाऊक असावे, कारण त्याने सांगितलेला भाव मामींनी घरात पुन्हा उच्चारलासुद्धा नाही.

मागांचे याहून वाईट झाले. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण ते विणणारा जुना धोट्याचा माग विकायला काढला की भंगारातच जातो. भंगारवाल्याने बिडाच्या चौकटीवर पान्हा आपटून पाहिला, लाकडी धोटे पायाने बाजूला सारले आणि किलोचा दर सांगितला. त्याच मागांवर मामांच्या मुलांची शिक्षणे झाली होती. सोन्याने तेवढी लाज राखली. मात्र पाटल्या आणि मोहनमाळ तारण ठेवताना घडणावळ हिशेबात धरली गेली नाही आणि निव्वळ सोन्याच्या किमतीचाही काही भागच हाती आला.

मला सर्वाधिक बोचते ते वेगळेच. कारखानदार म्हणून मामांकडे पांढरी शिधापत्रिका होती आणि त्या काळी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा लाभ पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवर मिळत असे. म्हणजे जी मालमत्ता उपयोगी पडली नाही, तिनेच मदतीचे दारही बंद केले.

राहता राहिले मित्र. संध्याकाळी पार्क चौकात एकत्र बसणारी, भिशीत आणि गड्ड्याच्या यात्रेत बरोबर असणारी ही मंडळी. त्यांपैकी एकाच्या कर्जाला मामा जामीन राहिले होते. त्याच्याकडे पैसे नव्हते हे मी मान्य करतो, हात आखडता असणे हा गुन्हा नव्हे. परंतु मामींचा फोन त्याने उचलला नाही आणि अतिदक्षता विभागाबाहेर एकदाही येऊन बसला नाही, याला मी क्षमा करू शकत नाही.

शस्त्रक्रिया सोन्यावरच्या कर्जातून आणि मुलाने महिना तीन टक्क्यांनी उचललेल्या पैशांतून पार पडली. मामा घरी आल्यावर तो मित्र फळे घेऊन भेटायला आला, तेव्हा मामांनी त्याला जवळ बसवून घेतले. मी त्या खोलीतून उठून गेलो. त्याच्या थकलेल्या हप्त्यांची नोटीस जामीनदार म्हणून अजूनही मामांच्याच पत्त्यावर येते.