एअर इंडियाच्या राण्या आणि लोहगावचे फिटर

गेल्या रविवारी भाचा जेवायला आला होता. जेवण उरकल्यावर मोबाइलवर काहीतरी बघत बसला आणि मध्येच म्हणाला, "आत्या, बांगलादेशच्या हवाई दलाने ब्रिटनची वापरलेली हर्क्युलिस विमानं घेतली. पाच. हवाई दलाने जुन्या बाजारातनं विमानं घ्यायची म्हणजे काय!"

अण्णा, म्हणजे माझे वडील, खुर्चीत डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपलेत. डोळे न उघडताच म्हणाले, "तुझ्या आजोबाने लोहगावला बारा वर्षं दुसऱ्यांनी वापरलेल्या विमानांवरच काढली. एकही आमच्यासाठी म्हणून बांधलेलं नव्हतं."

मग तासभर ते बोलत राहिले. त्यातलं बरंचसं मला लहानपणापासून पाठ आहे. तरी या वेळी लिहून ठेवायचं ठरवलं.

अण्णा १९५९ साली हवाई दलात भरती झाले. इंजिन फिटर. १९६४ मध्ये त्यांची बदली पुण्याला ६ स्क्वाड्रनमध्ये झाली. तेव्हा त्या स्क्वाड्रनकडे दोन जातींची विमानं होती आणि दोन्हींना आधीचा संसार होता. पहिलं लिबरेटर. दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं बॉम्बर. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी ही विमानं कानपूरला सोडून दिली, आणि सोडताना ती पुन्हा उडू नयेत म्हणून त्यांची मोडतोड केली. १९४८ मध्ये बंगळूरच्या एचएएल या विमान कारखान्याच्या माणसांनी त्या ढिगाऱ्यातून एकेक विमान उडण्यापुरतं नीट केलं आणि जमशेद मुन्शी नावाच्या वैमानिकाने ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. एक-दोन नाही, चाळीसच्या आसपास. पुण्यात ती १९६८ पर्यंत उडली. त्यातलं एक १९६९ मध्ये भारतातून उडत अमेरिकेला गेलं आणि आज ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयात उभं आहे. मुन्शींचं नाव आपल्याकडे शाळेतल्या मुलांना माहीत असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं विमान म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन. अण्णा त्याला 'कॉनी' म्हणतात. लांबलचक, माशासारखं किंचित वाकलेलं अंग, उंच सडपातळ पाय आणि शेपटीला एकाऐवजी तीन उभे पंख. एअर इंडियाने ती १९५४ पासून आपल्या परदेशी मार्गांवर चालवली. प्रत्येकीला नाव होतं, राणीचं. 'रानी ऑफ झांसी', 'रानी ऑफ एलोरा', 'रानी ऑफ बिजापूर'. पण १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आलं आणि दोन वर्षांत कंपनीचा सगळा ताफा जेटचा झाला. काहीच वर्षं वापरलेल्या, निगुतीने राखलेल्या राण्या एकदम जुन्या ठरल्या. हवाई दलाला त्याच वेळी लांब पल्ल्याचं, माणसं आणि सामान दोन्ही नेणारं, समुद्रावर तासन् तास फिरू शकणारं विमान हवं होतं. १९६१ पासून ती हवाई दलात येऊ लागली.

आमच्या शोकेसमध्ये गणपतीच्या चांदीच्या मूर्तीशेजारी एक बोटभर लांबीचं धातूचं झाकण आहे. कडेला बिजागरी, वरची चकाकी गेलेली, आतल्या बाजूला तपकिरी डाग. नवीन माणसाला ते कशाचं आहे हे कधीच ओळखू येत नाही. ते खुर्चीच्या हातातल्या राखदाणीचं झाकण आहे. विमानातल्या आरामखुर्च्या काढून सैनिकांसाठी साधी आसनं बसवली, तेव्हाचं काही सामान शेडमागे फेकून द्यायला ठेवलं होतं. अण्णांनी आपल्या साहेबांना विचारून एवढंच उचललं. तो तपकिरी डाग सिगारेटचा. लंडनला जाणाऱ्या कुणा श्रीमंत माणसाने मुंबईहून निघाल्यावर ओढलेली असेल. लहानपणी मी ते झाकण सारखं उघडझाप करायची आणि आई ओरडायची.

अण्णांचं सगळं आयुष्य मात्र त्या चार इंजिनांत गेलं. एका इंजिनाला १८ सिलिंडर, एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. म्हणजे एका विमानाला १४४ प्लग. हा हिशेब मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला. बाहेर जाणाऱ्या गरम वायूवर फिरणारी तीन छोटी चक्रं प्रत्येक इंजिनाला होती. वाया जाणारी ताकद गोळा करून ती परत इंजिनाच्या दांड्याला देत. त्यामुळे एकेका इंजिनातून सव्वातीन हजार अश्वशक्ती निघायची, पण उष्णताही तशीच, आणि दुखणीही तशीच. विमान रात्रभर उभं राहिलं की खालच्या सिलिंडरांत तेल उतरायचं. म्हणून सकाळी इंजिन पेटवण्याआधी पंखा हळूहळू फिरवून पाती मोजायची. घाई केली तर आत कोंडलेलं तेल दांडा वाकवणार. त्याआधी प्रत्येक पात्याच्या कडेवरून हाताचा अंगठा फिरवायचा. धावपट्टीवरचा खडा लागून पडलेला बारीकसा टवकाही डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला लागतो. अण्णांच्या उजव्या अंगठ्याचं कातडं अजून वेगळं आहे.

घरी ते यायचे तेव्हा आधी वास यायचा, मग ते. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत, धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवायची. आम्ही विश्रांतवाडीला राहायचो. पलीकडे सगळी शेतं होती. कॉनी उतरायला आली की चार इंजिनांचा तो घुमणारा आवाज ऐकून आई स्टोव्हवर चहाचं आधण ठेवायची. तिचा हिशेब बहुतेक वेळा चुकायचाच, कारण विमान उतरल्यावरच फिटरचं काम सुरू होतं.

भाच्याला अण्णा जे सांगत होते, ते हेच. विमान विकत घेताना दिलेली रक्कम हा खर्चाचा लहान भाग. वापरलेलं विमान घेताना पहिल्यांदा बघायची त्याची कागदपत्रं. किती तास उडालंय, कुठलं इंजिन कधी उतरवलं, कुठे काय दुरुस्त केलं, कुणाच्या सहीने. एअर इंडियाच्या राण्यांची ही वंशावळ पूर्ण होती आणि त्यांना सांभाळलेली माणसं मुंबईत, रेल्वेने चार तासांवर होती. अण्णांच्या मते तो सौदा चांगला होता, त्याचं मुख्य कारण हे. दुसरी गोष्ट सुटे भाग. सुपर कॉन्स्टेलेशन बनणं १९५८ मध्येच थांबलं. दहा-पंधरा वर्षांनी एखादा पंप हवा असला तर तो येणार कुठून? मग एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा. एक उडतं, एक शेडमध्ये दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं उभं राहतं. विमानाच्या नोंदवहीत, फॉर्म ७०० वर, स्नॅग म्हणजे बिघाड लिहिला जातो आणि तो मिटवायला रात्री दोनपर्यंत माणसं कंदिलासारखे दिवे घेऊन पंखाखाली असतात. तिसरी गोष्ट इंधन. जेट विमानं रॉकेलच्या जातीचं इंधन पितात. कॉनीला उच्च दर्जाचं पेट्रोल लागायचं. जग जेटकडे वळलं तसं ते सांभाळणं जिकिरीचं होत गेलं.

तेव्हा वापरलेली विमानं घेतली म्हणून कुणी नाक मुरडलं की मला राग येतो. ऑक्टोबर १९४७ मध्ये १ शीख पलटणीला श्रीनगरला उतरवणारी डाकोटा विमानं महायुद्धातून उरलेलीच होती. ती नसती तर त्या सकाळी दुसरं काही नव्हतं. पॅकेट नावाच्या अमेरिकी मालवाहू विमानांचंही तसंच. १९५४ मध्ये आपण २६ घेतली, पण अमेरिकेतला कारखाना १९५५ मध्ये बंद झाला. त्यानंतर आपल्याकडे ज्या पॅकेटच्या खेपा आल्या त्या आधी कुणीतरी उडवलेल्याच. हिमालयात दोन इंजिनं पुरेनात, तेव्हा त्यांच्या पाठीवर एक जेट इंजिन बसवलं. हे डोकं कुणाचं असेल, त्याला माझा नमस्कार. २३ जुलै १९६२ ला स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी काराकोरमच्या पायथ्याशी दौलत बेग ओल्डीला पॅकेट उतरवलं. उंची १६,६१४ फूट. अण्णा हा आकडा सांगताना अजूनही थांबतात. त्या उंचीवर इंजिनाला श्वास मिळत नाही, हे फिटरला पुस्तकातून कळावं लागत नाही. आणि ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या युद्धात, टांगाईलवर २ पॅराच्या जवानांनी उड्या घेतल्या, त्याही डाकोटा आणि पॅकेट असल्या जुन्या विमानांतून, जोडीला कॅरिबू आणि एएन-१२. २ पॅरा म्हणजे मुळातली ३ मराठा. अण्णांच्या गावची माणसं त्या पलटणीत होती.

वापरलेलं विमान घेतलं, की कारखाना दहा वर्षांनी तरी उघडा असेल का, सुटे भाग किती वर्षांचे बरोबर आलेत, आणि हँगरमधल्या माणसांना शिकायला किती महिने दिलेत, हे विचारावं. पत्रकार परिषदेत विमानांची संख्या सांगतात, फिटरची सांगत नाहीत.

१९७६ मध्ये समुद्रावर लक्ष ठेवण्याचं काम नौदलाकडे गेलं आणि कॉनी गोव्याला दाबोळीला निघाल्या. मी दहा वर्षांची होते. अण्णा त्या दिवशी घरी लवकर आले, जेवले नाहीत, आणि कुणालाही काही बोलले नाहीत. नौदलाने त्या पुढची सात-आठ वर्षं उडवल्या.

२०१९ च्या डिसेंबरात मी अण्णांना गोव्याला घेऊन गेले. बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे उघड्यावर एक कॉनी उभी आहे, अंगावर क्रमांक आयएन ३१५. मला वाटलं होतं अण्णांना रडू येईल. ते सरळ पंखाखाली गेले आणि आधी जमिनीकडे बघितलं. कॉनी उभी असेल तिथे खाली तेलाचा ट्रे ठेवलेला असायचा. तिथे फक्त सुकं गवत होतं.

"अगं, ही कोरडी झालीय," एवढंच म्हणाले.

मग तीन नंबरच्या इंजिनापाशी थांबले. पंख्याचं एक पातं खाली आलं होतं. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि अंगठा त्या कडेवरून खालून वर, हात पोहोचेल तिथपर्यंत, सावकाश फिरवला. मध्ये एका जागी थांबले. परत मागे आणून तीच जागा पुन्हा चाचपली.

"इथे आहे," म्हणाले. "फाइल लागेल."

अंगठ्याला तिथली लाल माती लागली होती. मी रुमाल दिला. त्यांनी तो पात्यालाच पुसायला घेतला.