राणीच्या नावावरची वाक्यं

इथे इंग्लंडमध्ये राजवाड्यांच्या दुकानांत सोळाव्या शतकातल्या राणीची, पहिल्या एलिझाबेथची वाक्यं कपांवर छापून विकतात. वाक्य, खाली तिचं नाव, बस्स. ते कोणी टिपून ठेवलं, किती वर्षांनी, काही नाही. आपल्या बखरींना मात्र ‘उशिरा लिहिलेल्या ऐकीव गोष्टी’ म्हणून सहज बाजूला सारलं जातं. मला याचा खरंच राग येतो.

सत्तेवरचं वाक्य घ्या. ‘शरीर दुबळ्या बाईचं असलं तरी काळीज राजाचं आहे.’ ऑगस्ट १५८८, स्पॅनिश स्वारी रोखायला जमलेल्या इंग्रज फौजेची टिलबरीची छावणी. हे शब्द लिओनेल शार्प या पाद्र्याच्या पत्रातून येतात. तो छावणीत हजर होता, पण पत्र लिहिलं १६२०च्या दशकात आणि छापलं गेलं १६५४ मध्ये, म्हणजे ६६ वर्षांनी. शिवाय भाषणाआधीच ग्रेव्हलिन्सची समुद्रावरची लढाई होऊन स्पॅनिश आरमार उत्तरेकडे निघालं होतं. भाषण झालं यात मला शंका नाही. शब्द हेच होते का, एवढाच प्रश्न. सभासदाची बखर महाराजांनंतर दोन दशकांच्या आत लिहिली गेली, हे या हिशेबात धरायलाच हवं.

प्रेमावरचं वाक्य जास्त पक्कं आहे. ‘तुमच्या प्रेमावर मी राज्य केलं, हेच माझ्या मुकुटाचं वैभव’, हे ३० नोव्हेंबर १६०१ चं. समोर संसदेच्या कॉमन्स सभागृहाचे सभासद होते आणि भाषण त्या काळीच नोंदलं गेलं. कपावर ते प्रियकराला उद्देशून वाटतं. प्रत्यक्षात सभासद मक्तेदारीच्या परवान्यांवर (एखादा माल विकण्याचा एकट्यालाच दिलेला हक्क) चिडलेले होते, आणि जाचक परवाने मागे घेण्याचं आश्वासन राणीने दिलं होतं.

श्रद्धेवरचं सर्वांत फसवं. ‘माणसांच्या मनात खिडक्या पाडायच्या नाहीत’ हे शब्द राणीचे नाहीत, तत्त्वज्ञ आणि राजकारणी फ्रान्सिस बेकनचे आहेत. तिचं धोरण त्याने असं मांडलं. पुढचा अर्धा भाग कायम गाळतात: मनातलं उघड कृतीत उतरलं नाही, तोवरच ही सूट. म्हणून अशी वाक्यं वाचताना त्या सालचे कायदे शेजारी ठेवावेत. १५५९ मध्ये रविवारी राणीच्या प्रॉटेस्टंट चर्चला न गेल्यास १२ पेन्स दंड होता. १५८१ पासून तो महिन्याला २० पौंड झाला. १५८५ पासून परदेशात दीक्षा घेतलेला कॅथलिक पाद्री देशात सापडला, तर तो राजद्रोह.

आपल्याला हे परकं नाही. कॅथलिक धर्मासाठी इंग्लंड सोडलेला थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला पोचला. त्याच्याबरोबर निघायच्या बेतात असलेला मित्र थॉमस पाउंड पकडला गेला आणि त्याची जवळजवळ ३० वर्षं तुरुंगांत गेली. स्टीफन्स गोव्यातल्या साष्टीत राहिला, आणि त्याचं मराठी ओव्यांतलं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं.