स्लाव्हिया की कुशाक? आमचं ठरलं!

आज आईबाबांना घेऊन टेस्ट ड्राइव्हचा दिवस. स्कोडाच्या स्लाव्हिया आणि कुशाक, मग होंडा सिटी, शेवटी क्रेटा.

चालवायला स्लाव्हिया म्हणजे सुख! एक लिटरचं टर्बो इंजिन, पण टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, १७८ न्यूटन मीटर. चढावर गाडी हसत ओढते. सिटीचं इंजिन जास्त गुळगुळीत, मात्र टॉर्क १४५च, घाटात गिअर खाली आणावाच लागणार. स्लाव्हियाची डिकी तब्बल ५२१ लिटर, कुशाकची ३८५. बाबा तर तिथेच विरघळले.

पण आईचे गुडघे! स्लाव्हिया आणि सिटी, या दोन्ही बुटक्या सेडानमध्ये तिला दाराला धरून, वाकून, हळूहळू खाली बसावं लागलं. उतरताना तर हात द्यावा लागला. कुशाक आणि क्रेटात मात्र सरळ मागे सरकली आणि बसली. क्रेटाची मागची सीट ऐसपैस, शिवाय डिझेलही मिळतं. कुशाकमध्ये मागे तिघं म्हणजे दाटीवाटीच. आम्ही मात्र तिघंच, मागे एकटी आई.

स्लाव्हिया, कुशाक दोन्ही चाकणला बनतात आणि ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या क्रॅश टेस्टमध्ये दोघींना ५ स्टार आहेत. माझ्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं.

तर कुशाक! रंगावरून घरात अजून चर्चा चालू आहे. कुणाकडे असेल तर मायलेज खरं किती मिळतं ते नक्की सांगा.