वेबसाइट एकदा केली, मग दर वर्षी पैसे कशाचे?

सांगलीचं मार्केट यार्ड असो, कुपवाडची एमआयडीसी असो की मिरजेतला दवाखाना, मी केलेल्या साइटला वर्ष झालं की हा प्रश्न येतोच. हळदीचे एक जुने व्यापारी काका तर सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांचा, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांचा, दाखला देऊन विचारतात, "हरिपूरच्या पेवात हळद घातली की वर्षानुवर्षं कोण बघायला जायचं न्हाई. तुमच्या साइटला असं काय हुतंय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. काका, पेवात हळद टिकायची कारण हरिपूरची माती बदलत नव्हती. साइटच्या खालची माती मात्र सारखी बदलत असते, आणि ती बदलणारे लोक ना तुमच्या ओळखीचे ना माझ्या.

आपल्याकडच्या बऱ्याच साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, आहेत. वर्डप्रेस चालतं पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर. पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या ठरावीक मुदतीपर्यंतच मिळतात, ७.४ ची मुदत नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली. मग होस्टिंगवाला, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर साइट ठेवलेली असते तो, कधीतरी जुनी आवृत्ती काढून नवी लावतो, आणि थीम, म्हणजे साइटच्या दिसण्याचा साचा, जुनी असेल तर सकाळी साइटचं पान कोरं दिसतं. तुम्ही कशाला हात लावलेला नसतो, मीही नसतो. एसएसएल सर्टिफिकेटचंही, म्हणजे साइट सुरक्षित आहे असं ब्राउझरला सांगणाऱ्या दाखल्याचंही, तसंच. फुकट मिळणारं सर्टिफिकेट साधारण ९० दिवस चालतं. विकतच्या सर्टिफिकेटची मुदतही टप्प्याटप्प्यानं कमी होत मार्च २०२९ पासून जास्तीत जास्त ४७ दिवसांवर येणार आहे. फुकटचं सर्टिफिकेट बहुतेक ठिकाणी आपोआप रिन्यू होतं हे खरं, पण ते रिन्यू होणं थांबलं तर गिऱ्हाइकाला पहिल्यांदा तुमचा माल दिसत नाही, ब्राउझरचा इशारा दिसतो.

पण मला खरी काळजी वाटते ती हॅकिंगची. "सांगलीच्या बेदाण्याच्या दुकानाची साइट कोण कशाला हॅक करेल?" असं लोक विचारतात. तुम्हाला कुणी निवडत नाही. एखाद्या प्लगइनमध्ये, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेल्या जादा सोयीच्या प्रोग्रॅममध्ये, भोक सापडलं की ते प्लगइन जिथं जिथं असेल ती प्रत्येक साइट शोधत प्रोग्रॅम फिरतात. त्यांना तुमचा बेदाणा नको असतो. त्यांना हवं असतं तुमचं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, आणि तुमच्या सर्व्हरवरून मेल पाठवायची सोय. काही वेळा ते असा कोड घालतात की मालकाला साइट ठणठणीत दिसते, फक्त गूगलच्या बॉटला, म्हणजे साइट वाचत फिरणाऱ्या त्याच्या प्रोग्रॅमला, तिथं जपानी अक्षरांत नकली मालाची पानं दिसतात. मालक रोज साइट उघडून बघतो आणि निर्धास्त राहतो. परदेशातला खरेदीदार गूगलवर तुमचं नाव शोधतो, त्याला तो कचरा दिसतो, आणि तो काही न बोलता दुसरीकडे जातो. त्याच सर्व्हरवरून स्पॅम गेलेला असला तर तुमचं कोटेशनही समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतं. ऑर्डर का आली नाही हे तुम्हाला कळतच नाही. या न कळणाऱ्या नुकसानाचं मला फार वाईट वाटतं, कारण वेळेवर केलेल्या अपडेटनं ते बऱ्याचदा टळतं.

राहिला बॅकअप. २००५ च्या महापुरात पेवांतही पाणी शिरलं होतं, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि दुकानांतले हिशेबाचे कॉम्प्युटर पाण्याखाली गेले. म्हणून माझा आग्रह असतो: साइटची एक प्रत सर्व्हरवर, एक दुसऱ्या कंपनीच्या जागेवर, आणि दुकानातल्या पेनड्राइव्हवर भरवसा नाही. शिवाय ती प्रत अधूनमधून खरंच उघडून, साइट उभी करून बघायची. हे काम कुणाला दिसत नाही, पण वर्षाच्या पैशातला मोठा भाग याच कामाचा असतो.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळ्यांना हा खर्च लागत नाही. पत्ता, फोन, नकाशा आणि चार फोटो एवढंच दाखवायचं असेल तर वर्डप्रेस घेऊच नका. साधी स्थिर पानं करून घ्या. तिथं पीएचपी नाही, प्लगइन नाही, मग डोमेन आणि होस्टिंग भरलं की बहुतेक भागतं. आणि मेंटेनन्सचे पैसे देत असाल तर काय अपडेट केलं, बॅकअप कधी उघडून पाहिला, हे दर महिन्याला लेखी मागा. जो देत नाही त्याला पैसे देऊ नका, मग तो मी असलो तरी.

एक गोष्ट मात्र आजच बघा, काका: डोमेन कुणाच्या नावावर आहे? करून देणाऱ्या पोराच्या ईमेलवर असेल आणि तो नोकरीला पुण्याला गेला असेल, तर रिन्यूची आठवण त्यालाच जाते. डॉट कॉम नावाची मुदत संपली की काही दिवसांची सवलत असते, मग ३० दिवस जादा दंड भरून ते परत घेता येतं, आणि त्यानंतर काही दिवसांत ते कुणालाही विकत घेता येतं. नाव तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइल नंबरवर करून घ्या. पासवर्ड घरातल्या आणखी एकाला माहीत असू द्या. मग साइट माझ्याकडं ठेवा नाहीतर दुसऱ्याकडं द्या, तुमचं अडणार नाही.