१३७ पैकी ९६ क्लिप सापडेनात: केडेनलाइव्हचा प्रोजेक्ट दुसऱ्या मशीनवर उघडताना

तीन कॅमेऱ्यांवर चित्रित केलेल्या स्नेहसंमेलनाचा, केडेनलाइव्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोग्रॅममधला प्रोजेक्ट डेस्कटॉपवरून लॅपटॉपवर न्यायचा होता. उघडण्याआधी प्रोजेक्ट फाइलची वेगळी प्रत काढली आणि दोन्हीकडची केडेनलाइव्हची आवृत्ती ताडून पाहिली. २३.०४ पासून एका प्रोजेक्टमध्ये अनेक सिक्वेन्स (स्वतंत्र टाइमलाइन) ठेवता येतात. त्यासाठी फाइलची रचना बदलली, त्यामुळे नव्यात सेव्ह केलेलं जुन्यात धड उघडत नाही. प्रत आधी काढायची ती याचसाठी.

उघडताच यादी समोर आली: ९६ क्लिप बेपत्ता. अशा वेळी फाइल बहुधा गेलेली नसते, पत्ता चुकलेला असतो. प्रोजेक्ट फाइल म्हणजे एक्सएमएलमधला साधा मजकूर. व्हिडिओ तिच्यात नसतोच. प्रोजेक्टच्या फोल्डरातल्या फाइलींचे पत्ते त्या फोल्डरपासून मोजलेले असतात, म्हणून ४१ क्लिप मुकाट्याने उघडल्या. बाकीच्या बाहेरच्या डिस्कवर होत्या आणि त्यांचे पत्ते पूर्ण लिहिलेले होते. विंडोजवर डिस्कचं अक्षर ई चं एफ झालं की असे पत्ते तुटतात. लिनक्सवर डिस्क नीट अनमाउंट न करता उपटली, तर पुढच्या वेळी तिच्या फोल्डरच्या नावाला १ चिकटू शकतो, परिणाम तोच. शिवाय फाइलच्या नावाच्या शेवटी असलेलं एमपी४ लहान इंग्रजी अक्षरांत आहे की मोठ्या, यावरून लिनक्सला फाइल वेगळी वाटते, विंडोजला नाही.

यादीतल्या क्लिप काढून टाकण्याचा पर्याय मी वापरत नाही. त्याने टाइमलाइनवरचे त्या क्लिपचे सगळे तुकडे जातात, इफेक्टसकट. जागा राखून ठेवणारा पर्याय निवडला तर कट जिथल्या तिथे राहतात आणि फाइल नंतर जोडता येते.

मग फोल्डरमध्ये शोध घेणारं बटण दाबून डिस्कवरचा सर्वांत वरचा फुटेज फोल्डर दिला. इथे केडेनलाइव्ह नुसत्या नावावर विसंबत नाही, हे मला फार आवडतं. क्लिप घेतानाच तो तिचा आकार आणि एमडी५ हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) प्रोजेक्टमध्ये नोंदवतो, आणि शोधताना ते जुळवून बघतो. फाइल २० लाख बाइटपेक्षा मोठी असेल तर फक्त पहिले आणि शेवटचे १० लाख बाइट वाचून हॅश काढतो, म्हणून १२ जीबीची फाइलही पटकन ओळखली जाते. तीन कॅमेऱ्यांच्या तीन कार्डांवर सी०००१ नावाची फाइल होती. केवळ नावावरून जोडलं असतं, तर नृत्याच्या जागी अध्यक्षांचं भाषण बसलं असतं.

९६ पैकी ९० जुळल्या. उरलेल्या सहांची कारणं वेगवेगळी निघाली.

चार क्लिप फोनच्या होत्या. डिस्कवर त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या प्रती होत्या. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ नव्याने दाबून पाठवतं, त्यामुळे आकारही बदलतो आणि हॅशही. मूळ फाइली 'डॉक्युमेंट' म्हणून परत मागवल्या. तशा पाठवल्या की त्या जशाच्या तशा येतात. पाचवी क्लिपही फोनचीच, पण फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) बदलता असल्यामुळे ती घेताना एडिटिंगसाठी रूपांतरित केलेली होती. म्हणजे प्रोजेक्टला हवी होती ती रूपांतरित फाइल, आणि मी शोधत होतो फोनवरची. सहावी खरोखरच पुसली गेली होती. तिच्या जागी दुसऱ्या कॅमेऱ्याचा शॉट दिला: प्रोजेक्ट बिनमध्ये (क्लिपच्या यादीत) क्लिपवर राइट क्लिक, मग 'रिप्लेस क्लिप'. दोन फाइलींची सुरुवात एकाच क्षणी होत नसल्याने तिथले सगळे कट पुन्हा हाताने सरकवावे लागले.

प्रॉक्सींचं, म्हणजे एडिटिंग हलकं व्हावं म्हणून बनवलेल्या कमी दर्जाच्या प्रतींचं, निराळं. प्रॉक्सी हरवली तर काही बिघडत नाही, पुन्हा बनते. धोका उलट बाजूने असतो: प्रॉक्सी आहे पण मूळ फाइल नाही. तेव्हा टाइमलाइन छान चालते, आणि अडचण थेट रेंडरच्या, म्हणजे अंतिम व्हिडिओ बनवण्याच्या, वेळी लक्षात येते. उघडताना त्याची सूचना येते, पण आपण घाईत पुढे जातो. म्हणून बेपत्ता क्लिप जोडून झाल्यावर मी प्रॉक्सी बंद करून टाइमलाइनवरच्या ३०-४० सेकंदांच्या दोन-तीन पट्ट्या रेंडर करून बघितल्या.

टायटल (पडद्यावर दिसणारी नावं) प्रोजेक्ट फाइलमध्येच असतात, हरवत नाहीत. फॉन्ट मात्र मशीनवर असावा लागतो. आपल्याकडे हे जास्त नडतं. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर फॉन्ट बदलला तरी देवनागरीच दिसते. जुन्या श्री-लिपीच्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल, तर फॉन्टअभावी नावांच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी उमटते. एका टायटलचं तसंच झालं. ते युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं.

एवढं झाल्यावरच सेव्ह केलं, तेही नव्या नावाने. चुकून जुन्यावर सेव्ह झालंच, तर 'ओपन बॅकअप फाइल' हा पर्याय आहे. लिनक्सवर या प्रती होम फोल्डरातल्या लपलेल्या लोकल फोल्डरात वेळेच्या नोंदीसह साठतात.

शेवटी प्रोजेक्ट मेनूतून 'आर्काइव्ह प्रोजेक्ट' चालवलं. सगळ्या क्लिप एका जागी कॉपी होतात आणि पत्तेही त्याप्रमाणे लिहिले जातात. हवं तर फक्त टाइमलाइनवरच्या क्लिप घेता येतात. झिप करण्याचा पर्यायही आहे, पण व्हिडिओ आधीच दाबलेला असल्याने जागा फारशी वाचत नाही, वेळ मात्र जातो. आणि आर्काइव्ह ठेवायची डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल तिच्यावर बसतच नाही. माझी आर्काइव्हची डिस्क मी आधी रिकामी करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली.