डोमेन हस्तांतर आणि ६० दिवसांचे कुलूप : माझा अनुभव

आमच्या व्यवसायाचे डॉट कॉम डोमेन बरीच वर्षे एकाच रजिस्ट्रार कंपनीकडे (डोमेन नावांची नोंदणी करून देणाऱ्या कंपनीकडे) होते. नूतनीकरणाचा दर दर वर्षी वाढत गेला, तेव्हा ते दुसरीकडे हलवायचे ठरवले. नवीन कंपनीकडे खाते उघडणे, पैसे भरणे यात सांगण्यासारखे काही घडले नाही. अडवणूक झाली ती जुन्या कंपनीकडून, आणि तिचा राग अजून गेलेला नाही.

हस्तांतरासाठी दोन गोष्टी लागतात. एक, डोमेनवरचे कुलूप, म्हणजे ते हलवण्यावरची बंदी, निघाले पाहिजे आणि दोन, ऑथ कोड (हस्तांतरासाठी जुन्या कंपनीकडून मिळणारा गुप्त कोड) हाती आला पाहिजे. खात्यात कुलूप काढण्याचे बटण होते, पण ते निष्क्रिय होते. त्याखाली एक ओळ होती : संपर्काच्या तपशिलात बदल झाल्यामुळे हे डोमेन ६० दिवस हलवता येणार नाही. बदल केला होता तो फक्त दूरध्वनी क्रमांकाचा, तोही कंपनीनेच तपशील अद्ययावत करण्याची सूचना पाठवली म्हणून. नूतनीकरणाची तारीख त्या ६० दिवसांच्या आत येत होती, म्हणजे कुलूप निघेपर्यंत आणखी एका वर्षाचे पैसे याच कंपनीला देणे भाग पडले असते. ग्राहक सेवेकडे विचारणा केली की दर वेळी नवा प्रतिनिधी भेटायचा आणि तेच ठरावीक उत्तर द्यायचा : हा आयकॅनचा नियम आहे, तुमच्याच सुरक्षेसाठी आहे, आम्ही काही करू शकत नाही. आयकॅन म्हणजे डोमेन नावांच्या व्यवस्थेवर देखरेख करणारी आंतरराष्ट्रीय संस्था.

म्हणून मी आयकॅनचे हस्तांतर धोरणच मुळातून वाचले. ६० दिवसांची अट त्यात आहे, हे खरे. नवीन नोंदणीनंतरचे पहिले ६० दिवस आणि एका हस्तांतरानंतरचे ६० दिवस रजिस्ट्रार नकार देऊ शकतो. शिवाय डिसेंबर २०१६ पासून नोंदणीधारक बदलला तरीही कुलूप लागते. या तरतुदीमागचा हेतू मला पूर्णपणे मान्य आहे, कारण डोमेन चोरणारा माणूस आधी ईमेल पत्ता बदलतो आणि मग डोमेन घाईघाईने दुसरीकडे नेतो. परंतु नोंदणीधारक बदलणे म्हणजे काय, हेही त्याच धोरणात स्पष्ट लिहिले आहे : धारकाचे नाव, संस्थेचे नाव किंवा ईमेल पत्ता यांत झालेला ठोस बदल. दूरध्वनी क्रमांक त्यात नाही, टपालाचा पत्ताही नाही. एवढेच नव्हे, तर असा बदल करण्यापूर्वीच ६० दिवसांच्या कुलपातून सूट मागण्याची सोय रजिस्ट्रार देऊ शकतो. आमच्या कंपनीने ती कधी दाखवली नव्हती. तुमच्याकडे नाव किंवा ईमेल खरोखरच बदलायचा असेल, तर ही सूट मिळते का ते बदल करण्याआधी विचारा. बदल झाल्यावर विचारून उपयोग नाही.

यानंतर मी चॅट बंद केले आणि ईमेल लिहिला. डोमेनचे नाव, कोणता रकाना बदलला, कोणत्या तारखेला बदलला, धोरणातील संबंधित व्याख्या, एवढेच त्यात होते. शेवटी दोन वाक्ये होती : नकार द्यायचा असेल तर धोरणातील कोणत्या कारणावरून, ते लेखी कळवावे; आणि धारक स्वतः कुलूप काढू शकत नसेल, तर त्याने मागणी केल्यापासून पाच दिवसांत ते काढणे रजिस्ट्रारवर बंधनकारक असल्याने, तसे न झाल्यास आयकॅनकडे तक्रार नोंदवली जाईल. ही तक्रार कोणालाही ऑनलाइन करता येते, आणि रजिस्ट्रारची मान्यता आयकॅनशी झालेल्या कराराने बांधलेली असल्यामुळे तिला उत्तर द्यावेच लागते. या ईमेलला आलेल्या उत्तरात सुरक्षेचा उल्लेख नव्हता. प्रकरण दुसऱ्या विभागाकडे गेले आणि कुलूप निघाले. ज्या नियमाचे नाव घेऊन इतके दिवस अडवले, तोच नियम दाखवताच वाट मोकळी झाली, याचे समाधान वाटले. पण जो ग्राहक धोरण वाचत नाही तो मुकाट्याने पैसे भरून मोकळा होतो, हे मला गंभीर वाटते. १९९९ पर्यंत डॉट कॉमची नोंदणी एकाच कंपनीच्या हातात होती. ती मक्तेदारी मोडून अनेक रजिस्ट्रार आणले गेले, ते ग्राहकाला कंपनी बदलता यावी म्हणूनच.

पुढचे सगळे सुरळीत झाले. ऑथ कोड मागितल्यावर तोही पाच दिवसांत द्यावा लागतो. नवीन कंपनीने विनंती पाठवली की जुनी कंपनी पुष्टीचा ईमेल पाठवते. त्याला उत्तर दिले नाही तरी पाच दिवसांनी हस्तांतर आपोआप पूर्ण होते. त्या ईमेलमधला ठळक दुवा बहुधा हस्तांतर रद्द करण्याचा असतो, म्हणून मजकूर नीट वाचल्याशिवाय कशावरही क्लिक करू नका. हस्तांतरासोबत मुदत एक वर्षाने वाढते, त्यामुळे नवीन कंपनीला दिलेले पैसे वाया जात नाहीत. मात्र मुदत संपून जुन्या कंपनीकडे नूतनीकरण झाले आणि त्यानंतर ४५ दिवसांच्या आत डोमेन हलवले, तर तिथे वाढलेले वर्ष रद्द होते. ते पैसे परत मिळतील का, हे त्या कंपनीच्या अटींवर अवलंबून राहते. तेव्हा नूतनीकरणाच्या तारखेआधी किमान दोन-तीन महिने या कामाला लागा.

हे सगळे डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग अशा सामान्य डोमेनना लागू आहे. देशांच्या डोमेनचे नियम त्या त्या देशाची नोंदणी संस्था ठरवते.

आणखी एक गोष्ट खरे तर आधीच सांगायला हवी होती. डोमेनची डीएनएस सेवाही (संकेतस्थळ आणि ईमेल कोणत्या सर्व्हरवर आहेत याच्या नोंदी ठेवणारी सेवा) जुन्या कंपनीचीच वापरत असाल, तर डोमेन गेल्यावर ती बंद होऊ शकते आणि संकेतस्थळाबरोबर ईमेलही थांबतो. सगळ्या नोंदी आधी नव्या डीएनएस सेवेत भरा, डीएनएससेक (या नोंदी खऱ्या आहेत का ते तपासणारी सुरक्षा) चालू असेल तर ते बंद करा, नेमसर्व्हर (या नोंदी पुरवणारे सर्व्हर) बदलून ईमेल येतो-जातो याची खात्री करा, आणि त्यानंतरच ऑथ कोड मागा.