धोळावीराला जाऊन आलो, आधी घातलेल्या घोळासकट

कच्छच्या रणातलं हडप्पा काळातलं शहर, म्हणजे धोळावीरा, बघायचा प्लॅन आमच्या ग्रुपमध्ये २०२१ पासून पडून होता, त्या जुलैत युनेस्कोच्या यादीत नाव आलं तेव्हा सगळ्यांनी "जायचंच" लिहिलं आणि मग कुणाचं लग्न, कुणाची नाइट शिफ्ट. शेवटी २०२४ च्या डिसेंबरात चौघं जमलो आणि शुक्रवारी रात्री वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून गाडी काढली.

त्याआधी मी एक घोळ घातला होता. मॅपवर धोर्डोचे रणोत्सवाचे तंबू आणि धोळावीरा शेजारी-शेजारी वाटतात, म्हणून मी खुशाल धोर्डोचं बुकिंग करून टाकलं, मधे नुसतं रण आहे हे डोक्यातच आलं नाही. आता खावड्याहून रणातून मस्त रस्ता झालाय, तरी शंभराच्या वर किलोमीटर पडतात. कॅन्सल केलं, अर्धे पैसे गेले, आणि ते मला अख्ख्या ट्रिपमध्ये ऐकवलं गेलं. मग फोनवर धोळावीरा गावातच एक भुंगा घेतला, म्हणजे मातीची गोल खोली, थंडीत एकदम उबदार.

अहमदाबाद, विरमगाम, हळवद, सामखियाळी करत सकाळी रापरला टेकलो. तिथं टाकी फुल करा आणि कॅश काढून ठेवा, पुढे खडीर बेटावर (धोळावीरा त्यावरच आहे) नेटवर्क येतं-जातं आणि चहावाल्यासमोर फोन हलवत उभं राहायची वेळ येते (आम्ही राहिलो).

अवशेष बघायला गावातलेच एक काका गाइड म्हणून घेतले ते बरं झालं, नाहीतर दगडांचे ढीग बघून तासाभरात परतलो असतो. बालेकिल्ल्याच्या उत्तर दरवाज्यापाशी हडप्पा लिपीतल्या दहा अक्षरांची पाटी सापडली होती, ती अजून कुणाला वाचता आलेली नाही. आमच्यातला एक म्हणे, "शेव-उसळ मिळेल" असं असणार.

पण खरी गंमत पाण्याची. मनसर आणि मनहर हे दोन ओढे, तेही पावसाळ्यापुरते, त्यांना बांध घालून पाणी वळवायचं आणि एकामागून एक टाक्यांत सोडायचं. पूर्वेकडची टाकी तर साधारण ७३ मीटर लांब, खाली उतरायला पायऱ्या, चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीची! बालेकिल्ल्यात पावसाचं पाणी गोळा करायला दगडी गटारं आहेत, काही तर माणूस वाकून आत जाईल एवढी. आम्ही सगळेच जरा गप्प झालो, कारण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदी आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आली होती आणि पूर ओसरल्यावर आम्हीच प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघत होतो. काका म्हणाले, "भाई, जेने ओछुं मळे ए ज साचवे." म्हणजे ज्याला कमी मिळतं तोच जपून साठवतो.

जेवणाला बाजरीचा रोटला, शेव-टामेटा, ताक. रविवारी सकाळी फॉसिल पार्कला गेलो, तिथं ज्युरासिक काळातली दगड झालेली खोडं आहेत, पण थोडीच, अर्ध्या तासात बघून होतं. म्युझियम शुक्रवारी बंद असतं, त्यामुळे आमचा शनिवार-रविवार योग्यच निघाला, एवढं एक तरी माझं बरोबर आलं.

रात्री साडेअकराला घरी. आईनं विचारलं काय बघितलंस एवढ्या लांब जाऊन. म्हटलं, टाक्या. तर म्हणे, मग उद्या गच्चीवरची पण धुऊन टाक.